थोरलीचं मागणं

ठेच्याची वाटी बाटिक कापडाच्या घडीपलीकडे होती. पालुपीनं डाव्या हातानं घडी बाजूला सारली, वाटी ओढून घेतली आणि भातावर ठेचा वाढून घेतला. घडीवर ठेवलेली अंगठीची लाल डबी कलंडली आणि मार्तो गुरुजींच्या गुडघ्याशी चटईवर पडली. ती कुणीच उचलली नाही.

डाव्या हातानं. आमच्याकडे भिकाऱ्यालासुद्धा कुणी डाव्या हातानं काही देत नाही, आणि इथं तर बापानं पुढं ठेवलेली वस्तू होती. गुरुजींनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. शाळेत चाळीस वर्षं पोरांना वळण लावलेला माणूस. पण या मुलीला काही बोलायची ही वेळ नव्हती.

"जेवण झाल्यावर दाखवायचं ठरलं होतं ना?" सुमारनी नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली.

"वेळ कुठं आहे?" गुरुजी म्हणाले. मग थोरलीकडे वळून, आवाज मऊ करून, "बघ तरी उघडून. सोलोहून मागवलंय. रंग तुला आवडेल असाच आहे."

"छान असेल," पालुपी म्हणाली आणि जेवत राहिली.

वेनिंग, म्हणजे धाकटी, समोर बसली होती. तिच्या पानातला भात तसाच होता. तिची नजर ताईच्या चेहऱ्यावर खिळली होती.

धाकट्या भावंडाचं लग्न थोरलीच्या आधी करायचं झालं, तर आमच्याकडे थोरलीची परवानगी लागते. नुसतं मान हलवून भागत नाही. थोरली काहीतरी मागते, आणि ती जे मागेल ते द्यावंच लागतं; ते दिल्याशिवाय मांडवाचा बांबू उभा राहत नाही. बहुतेक जणी शहाण्यासारखं मागतात. कापड, अंगठी, फार तर मोबाईल. मधला भाऊ सेतो याचं लग्न झालं तेव्हा पालुपीनं गॅसची शेगडी मागितली होती. लोकांनी तिचं केवढं कौतुक केलं. ती शेगडी अजून याच स्वयंपाकघरात होती आणि आजचा भातही तिच्यावरच शिजला होता.

या वेळी मात्र थोरली काही मागेचना. नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. आणि चंद्र तर रोज झिजत चालला होता. अमावास्या झाली की सुरो महिना लागणार. सुरोत आमच्याकडे कुणी लग्न काढायचं धाडस करत नाही. त्यामुळे आधीच्या पंधरवड्यात सगळ्या केदिरी जिल्ह्याला लग्नाची घाई असते. आचारी मिळत नाही, खुर्च्या मिळत नाहीत. मांडववाला रोज फाटकाशी मोटारसायकल उभी करून विचारायचा, "गुरुजी, तुमचं धरू, की दुसऱ्याला देऊन टाकू?" गुरुजी रोज म्हणायचे, "उद्या सांगतो."

सुरो संपेपर्यंत थांबा म्हणाल, तर थांबायची सोय नव्हती. वेनिंगला दिवस गेले होते. ही गोष्ट घरात चौघांना माहीत होती आणि गल्लीत सगळ्यांना.

पालुपीनं ताटली पुढं सरकवली.

"बाबा, दानार त्याच्या घरात कितवा?"

सुमारनीचा हात पाण्याच्या भांड्यावरच थांबला. दानार म्हणजे होणारा नवरा. गाड्या दुरुस्त करणारा, बरा मुलगा. तो कितवा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच आजवर ते कुणी उच्चारलं नव्हतं.

"पहिला," वेनिंग म्हणाली.

"आणि तू तिसरी."

"ताई, त्याचं—"

"मी बाबांना विचारतेय. पहिल्याचं नि तिसरीचं जमत नाही ना? घरात कुणीतरी दगावतं. मला तुम्ही असंच सांगितलं होतं."

गुरुजींनी डबी उचलली, घडीवर नीट ठेवली.

"त्याला उपाय आहे," ते म्हणाले.

"उपाय?"

"मुलगी टाकायची. म्हणजे खरी नाही गं, रीत असते. अंगणात कचऱ्याच्या खड्ड्याशी तिला उभी करायची, झाडूनं झाडल्यासारखं करायचं, आणि ही आमची नाही म्हणायचं. मग शेजारचं कुणीतरी येऊन तिला उचलतं. सापडली म्हणतं. झालं. मुलगी त्यांची झाली, आता ती तिसरी राहिली नाही. शेजारच्या कास्मीला एकच मुलगा आहे. तिच्या घरी वेनिंग दुसरी. लग्न तिच्या नावानं लागेल, मांडव आपल्याच दारात. सरकारी कागदावर बाप मीच."

कागदावर बाप तोच राहतो. फसवायचं असतं ते वरच्या पूर्वजांना. गावातले मौलवी या प्रकाराला नाक मुरडतात आणि जेवायला मात्र वेळेवर येतात.

"हा उपाय कधी निघाला?" पालुपीनं विचारलं.

"निघाला म्हणजे? पूर्वीपासूनचा आहे. माझ्या आजोबांच्या वेळी..."

गुरुजी बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं होतं. पालुपी उठली, हात धुतले, नॅपकिनला पुसले आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. तिनं दार आपटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

सुगेंगची गोष्ट फार जुनी. तेव्हा वेनिंग बालवाडीत जायची. शेजारच्या वस्तीतला सुतार, हसरा, बोलायला मोकळा. भावंडांत तिसरा. आणि पालुपी घरातली पहिली. दोन्हीकडच्या लोकांना पसंत होतं. गुरुजींनी तेवढं एक बोट ठेवलं, आणि तिथंच सगळं थांबलं. आईबापांपैकी एक जण दगावेल म्हटल्यावर कोणती मुलगी हट्ट करील? पालुपीनं केला नाही. ती कारखान्यात जात राहिली. लवंगी सिगारेटी वळायच्या. सुरुवातीला तिच्या बोटांना लवंगेचा वास यायचा, मग केसांना, आता तिच्या खोलीलाच येतो. सेतो शिकला, लग्न करून दूर बोर्निओत गेला. आईचा दमा, वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वेनिंगचं कॉलेज. सगळ्याला पालुपी होती. सुगेंग दोन वर्षं थांबला, मग त्यानं लग्न केलं. बाजारात भेटला तर ती त्याच्या मुलांची चौकशी करते. त्याचं दुःख आता राहिलं नव्हतं. दुःख करायलासुद्धा माणूस थोडा रिकामा लागतो.

पण इतकी वर्षं तिला एक गोष्ट पक्की वाटत आली होती: नियमच होता, इलाज नव्हता. काल रात्रीच्या जेवणात ती गोष्ट गेली.

कारखाना सुटला तेव्हा वेनिंग फाटकाबाहेर पिंपरणीखाली उभी होती. बायकांचा लोंढा तिच्या अंगावरून गेला. दोघी-तिघींनी तिच्या पोटाकडे बघून एकमेकींना कोपर मारलं.

पालुपीनं सायकल थांबवली. "ऊन लागलं तर चक्कर येईल. बस मागं."

"नाही बसत. आधी सांग, काय पाहिजे तुला?"

"इथं रस्त्यात?"

"घरात तू तोंड उघडत नाहीस, मग कुठं विचारू? मांडववाला आज शेवटचा येऊन गेला. दानारचे काका उद्या यायचेत. ताई, अगं काहीही माग. माझे कानातले घे. दानार त्याची मोटारसायकल देतो म्हणालाय."

"मला मोटारसायकल चालवता येत नाही."

"चेष्टा करू नकोस!" वेनिंगचा आवाज चढला. "तुला बघवत नाही, एवढंच आहे ते. तुझं झालं नाही म्हणून माझंही होऊ नये."

हे बोलल्याबरोबर तिनं स्वतःचं तोंड दाबलं. पालुपीनं सायकल स्टँडवर लावली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून बहिणीच्या हातात दिली.

"पी."

वेनिंग पाणी प्याली आणि रडली. मग म्हणाली, "मला वाटायचं सुगेंगदादा स्वतःहून गेले. आईनं मला तसंच सांगितलं होतं."

"आता कळलं ना."

"पण बाबांना हा टाकायचा उपाय तेव्हाही माहीत होता? मग तुझ्या वेळी का नाही केला?"

"माझ्या पोटात मूल नव्हतं, वेनिंग."

वेनिंगला हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं. पालुपीही हसली. बऱ्याच दिवसांत दोघी एकत्र हसल्या नव्हत्या. पण सायकलवर मागं बसल्यावर वेनिंगनं ताईच्या पाठीला गाल टेकवून विचारलं, "मग हो ना?" तेव्हा पालुपी नुसती पॅडल मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज आटोपून दानारचे काका आले. वार्दी त्यांचं नाव. खताचं दुकान, आवाज मोठा, वर बसायच्या आधीच बोलायला सुरुवात. पालुपीनं चहा आणला, शेंगदाण्याच्या कुरकुरीत चकत्यांची बरणी उघडून ठेवली.

"गुरुजी, आम्ही नाकानं कांदे सोलणारे लोक नाही," वार्दी म्हणाले. "पोरांकडून चूक झाली, आम्ही निस्तरायला तयार आहोत. पण तुमच्याकडून एक शब्द यायला एवढा उशीर? आचाऱ्याला मी काय सांगू? बोकड घेऊ की नको?"

"घ्या, घ्या," गुरुजी म्हणाले. "थोरलीनं हो म्हटलंय. तो प्रश्न मिटला."

पालुपी स्वयंपाकघराकडे निघाली होती. ती उंबऱ्यातच वळली.

"मी अजून काही म्हटलेलं नाही, काका."

वार्दींनी तोंडापाशी नेलेला पेला बशीत ठेवला. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाळीस वर्षांत कुणी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं.

"असं आहे होय," वार्दी उठत म्हणाले. "मग ऐका. उद्या संध्याकाळपर्यंत निरोप आला तर ठीक. नाहीतर पोरीला आम्ही आमच्या घरी नेऊ आणि तिथंच चार माणसांत निकाह उरकू. ना मांडव, ना वाजंत्री. तुमच्या दारातून मुलगी कशी गेली ते मग गाव ठरवील." जाता जाता पालुपीपाशी थांबून ते जरा खाली आवाजात म्हणाले, "तू कामाची, शहाणी मुलगी आहेस असं ऐकलं होतं."

"बरोबर ऐकलंत," पालुपी म्हणाली.

फाटक वाजलं, आणि गुरुजी उसळलेच.

"काय पाहिजे काय तुला? एकदाचं माग! जमीन पाहिजे? घर पाहिजे? नावावर करून देतो. पण या म्हातारपणी माझ्या तोंडाला काळं फासू नकोस!"

"मला एक विचारायचंय," पालुपी म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. "माझ्या वेळी का नाही टाकलं मला?"

गुरुजी खुर्चीत बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"तेव्हा सुचलं नाही," ते म्हणाले.

वेनिंग आतून येऊन दारात उभी राहिली होती. सुमारनी खाली बसून चहाचे पेले गोळा करत होती. ती या घरात कमी बोलायची. दमा होता हे एक कारण, आणि गुरुजी बोलायचे हे दुसरं. पेले तबकात ठेवून तिनं ते तबक पुन्हा खाली ठेवलं.

"सुचलं होतं," ती म्हणाली.

"तू गप्प बस."

"बसले की इतकी वर्षं." तिनं मुलीकडे बघितलं नाही, ती तबकाकडे बघून बोलत होती. "मीच म्हटलं होतं यांना. कास्मीला विचारूनसुद्धा आले होते. ती तयार होती. हे म्हणाले, सेतोचं शिक्षण व्हायचंय, धाकटी एवढीशी आहे, तू अशी आजारी. ही गेली तर घराचं काय? म्हणाले, नियम सांगितला की पोरगी वाईट वाटून घेणार नाही, दोष कुणाला द्यावा लागणार नाही. आणि मला पण, पालुपी... मला पण तू हवी होतीस घरात. खोटं कशाला सांगू?"

बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या कचऱ्याच्या खड्ड्यात पाय मारत होत्या. गुरुजींनी मान खाली घातली होती. आता त्यांना कुणी धीर द्यावा असं वाटण्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि इतर कुठल्याही दिवशी पालुपीनंच तो दिला असता.

तिला राग आला. इतका राग, की ती भिंतीला घसरत खाली बसली. आईशेजारीच. ती बोलली तेव्हा मात्र आवाज रोजच्यासारखा होता.

"वेनिंगला परवानगी आहे माझी. पण माझं मागणं सांगते. तिच्याबरोबर मलाही टाका."

गुरुजींनी मान वर केली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. "हात्तिच्या! एवढंच ना? अगं, तुझ्या मनात कुणी असेल तर आत्तासुद्धा... कास्मीला सांगू. ती दोघींना उचलील."

"मला कुणी उचलायचं नाही."

"म्हणजे?"

"नुसतं टाकायचं. मी शहरात खोली बघून ठेवलीय. कारखान्यातल्या बायका राहतात तिथं. लग्नाला येईन. पाहुणी म्हणून येईन, पुढच्या खुर्चीवर बसेन. स्वयंपाकघरात येणार नाही."

"वेडी झालीस का? टाकलेलं माणूस कुणी उचललं नाही तर ते कुणाचंच राहत नाही. पूर्वजांना कळत नाही ते. मेल्यावर कुणाच्या रांगेत जाऊन उभी राहशील? असलं तोंडानं बोलूसुद्धा नये!"

"तुम्ही मानता ना हे सगळं, बाबा? मनापासून?"

हो म्हणावं तर मुलगी कायमची जात होती. नाही म्हणावं, तर सतरा वर्षांपूर्वी तिला काय सांगितलं होतं त्याचा जाब द्यावा लागत होता. शाळामास्तराला पेच कळला, सुटका दिसेना.

"ताई, नको ना," वेनिंग म्हणाली. "दुसरं काही माग. मी नाही करत लग्न."

"करशील. आणि गाजावाजा करून करशील," पालुपी म्हणाली. "जा, वार्दीकाकांना फोन लाव. बोकड घ्या म्हणावं."

मग जी घाई सुरू झाली तिला काही सुमार राहिला नाही. मांडववाला दुसऱ्या गावचे बांबू अर्ध्या वाटेतून वळवून घेऊन आला. बायका भल्या सकाळपासून नारळ खवायला बसल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात टाकायची रीत ठेवली, आणि ती बघायला अर्धी गल्ली लोटली. अशी मजा रोज थोडीच बघायला मिळते!

वेनिंगला जुनं लुगडं नेसवून खड्ड्यापाशी उभं केलं होतं. गुरुजींनी हिरांचा झाडू घेतला, तिच्या पायांपुढची माती झाडली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "ही आमची नाही. घरातून झाडून टाकली. जिला हवी तिनं न्यावी."

"अगं बाई!" कास्मी मावशी कुंपणाआडून लगबगीनं आली. जाडजूड बाई, हौस दांडगी. "कुणाची ही पोर इथं पडली? इतकी गोरीगोमटी आणि कचऱ्यात? आणि काय गं, एकटीच सापडलीस, की आत आणखी कुणी आहे?"

लोक पोट धरधरून हसले. वार्दीकाकासुद्धा हसले. वेनिंग लाजून लाल झाली, आणि कास्मीनं तिला कवेत घेऊन आपल्या अंगणाकडे ओढत नेलं, तेव्हा कुणीतरी तांदूळ उधळले. मग लोक पांगायला लागले, चहाकडे वळले.

तेवढ्यात पालुपी घरातून बाहेर आली. कारखान्यात जाताना घालायची तोच निळा झगा, डोक्याला रुमाल. हातातली पिशवी तिनं जमिनीवर ठेवली आणि बहीण उभी होती त्याच जागी जाऊन उभी राहिली. वळलेले लोक पुन्हा वळले. हिचं कशाला, असं कुणीतरी विचारलं.

"बाबा," ती म्हणाली.

गुरुजी पुढं आले. त्यांनी झाडू जमिनीला टेकवला. मातीवर हिरांची एक रेघ उमटली, तिच्या पायांपर्यंत मात्र पोचली नाही.

"ही..." गुरुजी म्हणाले.

सगळे वाट बघत होते. गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. पुन्हा तोंड उघडलं, ओठ हलले. आत्ता, घटकेपूर्वी जे शब्द त्यांनी झटकन म्हटले होते तेच शब्द होते, त्यात एका अक्षराचा फरक नव्हता. ते त्यांना म्हणता येईनात. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती शांतपणे उभी होती, घाई करत नव्हती, आणि तेच त्यांना सोसेना.

"जरा पाणी..." असं पुटपुटून ते घरात गेले.

कुजबुज सुरू झाली. वार्दीकाकांचं हसू मावळलं. मागणं पुरं झालं नाही तर परवानगी नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. कास्मीच्या अंगणातून वेनिंग रडवेल्या चेहऱ्यानं बघत होती. पालुपीची मान पहिल्यांदाच थोडी झुकली. आपण बापाला एवढं कोंडीत धरायला नको होतं असं तिला वाटून गेलं, आणि असंच वाटत वाटत आपण पुन्हा त्या स्वयंपाकघरात जाऊ, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तिचा पाय पिशवीकडून घराकडे अर्धा वळलासुद्धा.

खवलेल्या नारळाची परात बाजूला ठेवून सुमारनी उठली. गुरुजींनी खांबाला टेकवून ठेवलेला झाडू तिनं घेतला. धाप लागत होती, म्हणून मधे थांबत थांबत अंगण ओलांडून ती मुलीसमोर आली. दोघींची नजर भेटली. मग सुमारनी वाकली आणि झाडायला लागली. पायांपुढची माती, पायांवरची माती, आजूबाजूचा पाचोळा, सगळं नीट, कोपरे काढून, रोज सकाळी झाडते तसं. तिला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत ती झाडूवर भार देऊन उभी राहिली.

"ही आमची नाही," ती म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो सगळ्यांना ऐकू गेला. "मी झाडून टाकली."

पुढचे शब्द ती म्हणालीच नाही. जिला हवी तिनं न्यावी, हे काही तिनं म्हटलं नाही.

पण कास्मी मावशीचा स्वभावच उचलून घेण्याचा. कुणी पोर अशी उभी आहे हे तिला बघवेना. "अगं बाई, ही पण..." म्हणत डोळे पुसत ती दोन्ही हात पसरून पुढं झालीच.

सुमारनीनं झाडू आडवा धरला.

"राहू दे, कास्मी," ती म्हणाली. "हिला हात लावू नकोस. जाऊ दे तिला."

कास्मी थबकली. पालुपीनं पिशवी उचलली, फाटकाशी लावलेली सायकल काढली आणि ती रस्त्याला लागली. गुरुजी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले तेव्हा सुमारनी अजून झाडू तसाच आडवा धरून उभी होती.